मडक्याचा गजर

आमच्या घरात संगीताची व्याख्या बाबांनी करून ठेवली होती आणि ती अगदी सोपी होती. बाबा करतात ते संगीत, बाकीचे करतात तो गोंगाट. दिवसा ते मुलुंडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. तिथे त्यांना कोणी विचारत नसे. संध्याकाळी घरी येऊन आंघोळ केली, कपाळाला बुक्का लावला आणि पेटीपुढे मांडी घातली की ते बुवा व्हायचे. मग मात्र त्यांना सगळ्यांनी विचारावं लागायचं. भजनी मंडळाचं सगळं सामान आमच्याच दीड खोलीत राहायचं. पखवाज पलंगाखाली, झांजा तांदळाच्या डब्यावर, आणि कोपऱ्यात एक काळा, पोटभर मोठा स्पीकर. त्याच्यावर आईने विणलेला रुमाल घालून प्लास्टिकची फुलं ठेवली होती, म्हणजे तो फर्निचर दिसावा. तालमीच्या दिवशी आई घावणे आणि काळ्या वाटाण्यांची उसळ करायची. मंडळातली माणसं आधी नामस्मरण करायची की आधी खायची, हे मी लहानपणापासून बघत आलेय, त्यामुळे भक्तीविषयी माझा फारसा गैरसमज कधी झाला नाही.

ज्यांचं गाव कोकणात नाही त्यांच्यासाठी सांगते, डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना. समोरासमोर दोन पेट्या, दोन पखवाज, दोन कोरस. एकाने देवाचं नाव घ्यायचं आणि घेता घेता दुसऱ्याची सालटी काढायची, मग दुसऱ्याने तेच करायचं. या सगळ्यात शब्द संतांचे असतात, पण चाल असते ती बहुतेक वेळा सिनेमाची. पब्लिकला पण तेच हवं असतं. नायिका पावसात भिजत ज्या चालीवर नाचली त्याच चालीवर विठ्ठलाला हाक मारली की लोक शिट्ट्या मारतात. बाबांना याची चीड होती. नव्या सिनेमाची चाल उचलणं म्हणजे चोरी, असं ते म्हणायचे. ते स्वतः जुन्या सिनेमाच्या चाली उचलायचे, पण ती परंपरा होती. चोरी तीस-चाळीस वर्षं जुनी झाली की तिला आमच्या घरात परंपरा म्हणत.

त्या वर्षी मी बारावी दिली होती. घरात कॉम्प्युटर आला होता तो ‘शिक्षणासाठी’, म्हणजे ज्यासाठी सगळ्यांच्याच घरी येतो त्यासाठी. शेजारच्या विंगमधला सम्यक माझ्या वर्गात होता. त्याचे आईवडील मूळचे नांदेडकडचे. घरी कोणी गायचं नाही, पण या पोराचे कान इतके तिखट होते की जिन्यात कोणाच्या चपला वाजतायत हे तो दार बंद असताना सांगायचा. एक दिवस तो वर आला आणि म्हणाला, ‘‘एक गेम आहे. मारामारी नाय, गाड्या नाय, काय नाय. फक्त उड्या. पण ऐक ना यार, ऐक तू आधी.’’ गेम ‘ऐक’ म्हणून सांगणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

कुठल्याशा थंड देशातल्या दोन मित्रांनी मिळून तो केला होता. कंपनी नाही, जाहिरात नाही. गोष्ट म्हणजे एवढीच: पाय फुटलेलं एक मडकं. त्याच्यात पाणी आहे आणि ते एका उंच, ओसाड मनोऱ्याच्या गच्चीवर नेऊन ओतायचं आहे. मडकं उडी मारतं, पाणी डचमळतं. आईने पाठीमागून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘ह्यांच्या सोसायटीत पण पंप बंद आसा वाटता.’’ मला हसू आलं, पण एका वाक्यात अख्ख्या गेमचं मर्म सांगणारी समीक्षा मी नंतर कुठेही वाचली नाही, आणि आता तर ती वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे.

त्या गेममध्ये सूचना म्हणून एक अक्षर नव्हतं. पहिल्याच खोलीत एक पायरी मुद्दाम जरा जास्त उंच ठेवलेली. तुम्ही उडी मारता, पोचत नाही. परत मारता, चिडून बटण जरा जास्त वेळ दाबून धरलं जातं आणि मडकं वर पोचतं. झालं, शिकलात. पुढच्या खोलीत तीच उडी एका खड्ड्यावरून. पडलात तर मरत नाही, फक्त पाणी सांडतं. मला आयुष्यात तोवर ज्यांनी ज्यांनी काही शिकवलं होतं त्यांनी आधी तासभर भाषण केलं होतं आणि शेवटी पट्टी मारली होती. हे दोघे परदेशी लोक मला न बोलता शिकवत होते आणि चुकल्यावर तोंड वाकडं करत नव्हते, याचंच मला अप्रूप वाटलं. खालच्या मजल्यांवर भिंती रंगांनी भरलेल्या असायच्या. वर जावं तसे रंग कमी होत जायचे, शेवटी नुसती एक रेघ आणि आभाळ. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर टाक्या, डिश आणि वाळत घातलेले पापड सोडून काही दिसत नसे, म्हणून असेल, पण ते रिकामं आभाळ बघून मला उगाच भरून यायचं.

आणि संगीत! सुरुवातीला एकच लाकडी टुणटुण. एक मजला चढलात की तिच्याखाली दुसरं वाद्य येऊन बसायचं, मग तिसरं, मग एक ठेका. पडलात की एकेक वाद्य उठून जायचं आणि पुन्हा तुम्ही आणि ती एकटी टुणटुण. म्हणजे आपण कुठे आहोत हे डोळे मिटूनही कळायचं. तिसऱ्या मनोऱ्यात तर कमाल होती. तिथली चाल घरी परत येतच नव्हती. प्रत्येक फेरीच्या शेवटी ती जिथून निघाली त्याच्या एक सूर वर जाऊन थांबायची आणि तिथूनच पुन्हा सुरू व्हायची. चढ, चढ, आणखी चढ. तुम्ही गच्चीवर पोचेपर्यंत तिला शेवट नाही. मी त्या मनोऱ्यात सपाटून अडकले. इयरफोन उंदराने कुरतडले होते, म्हणून मी मंडळाचा काळा स्पीकर जोडला होता. फुलं आणि रुमाल बाजूला काढून. संध्याकाळच्या संध्याकाळ आमच्या घरात ती न संपणारी चाल भजनाच्या स्पीकरातून घुमत होती.

बाबांनी काही दिवस सोसलं. मग तालमीच्या दिवशी, सगळं मंडळ उसळ खात बसलेलं असताना, आईने माझा विषय काढला. मला साउंडचं शिकायचं होतं. गेमसाठी आवाज आणि संगीत कसं करतात ते. दादरला एका ठिकाणी तसा कोर्स होता, आणि तिथे पालकांना घेऊन जावं लागायचं. बाबांनी माझ्यासाठी कॉमर्स ठरवलं होतं, कारण स्टोअरमधल्या प्रत्येक माणसाने आपल्या मुलीसाठी कॉमर्स ठरवलं होतं.

‘‘ता टुणटुण शिकूक कॉलेजात जातलंस?’’ बाबा म्हणाले आणि मंडळाकडे बघून हसले. मंडळ हसलं. आमच्या घावण्यांवर बसलं होतं, हसणं भाग होतं.

‘‘ते संगीतच आहे बाबा,’’ मी म्हटलं.

‘‘संगीत?’’ त्यांनी हात पुसले. ‘‘नानू, ऐकलंस? बरा. तुझ्या त्या खोक्यातली एक चाल, एकच, माणसाक म्हणूक येयत अशी दाखव माका. मी स्वतः तुका घेवन जातलंय त्या कॉलेजात. सगळ्यांच्या समोर सांगतंय.’’

नानूकाका आमचे पखवाजवाले. त्यांनी मान डोलावली आणि उसळ आणखी मागितली. त्याच रात्रीपासून स्पीकरला हात लावायचा नाही असा हुकूम निघाला. मी सम्यकचे इयरफोन उसने आणले.

बुवांचा शब्द म्हणजे शब्द, हे मी लहानपणापासून ऐकत होते. पण ती पैज मी जिंकणार कशी, हे मला कळत नव्हतं. मला गाता येत होतं, पण माझ्या गाण्याला घरात किंमत नव्हती. बायकांनी आरतीला साथ करायची, बारीत बसायचं नाही, असा मंडळाचा अलिखित नियम होता. लिहिलेला नसल्यामुळे तो कोणाला खोडताही येत नव्हता. मग एका सकाळी बाथरूममधून पाणी ओतल्याच्या आवाजाबरोबर गुणगुणणं ऐकू आलं. तिसरा मनोरा! सूर न सूर बरोबर. एक फेरी, मग एक सूर वर दुसरी. मी बाहेर टॉवेल हातात घेऊन उभी. बाबा बाहेर आले तेव्हा मी विचारलं, ‘‘काय म्हणत होता?’’ ते म्हणाले, ‘‘काय नाय. स्तोत्र.’’ मग कपाळाला बुक्का लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘मडक्या पडला काय ठेको कित्याक बंद होता?’’ मडकं पडलं की ठेका का थांबतो ते मी सांगितलं. त्यांनी ‘‘हं’’ केलं आणि कामाला गेले. जे मला समजायला कितीतरी संध्याकाळी लागल्या, ते या माणसाने स्पीकरला शिव्या घालता घालता टिपलं होतं. मला इतका आनंद झाला आणि इतका राग आला की दोन्हींपैकी काय आधी करावं ते सुचेना.

सोसायटीची सत्यनारायणाची पूजा होती, आणि त्यानिमित्त डबलबारी. खरी डबलबारी रात्रभर चालते. पण आमच्या सेक्रेटरींना लाउडस्पीकरच्या तक्रारीची भीती, म्हणून त्यांनी ती दुपारी चारला ठेवली. भर उकाड्यात, पार्किंगमध्ये, कापडी मांडवाखाली. समोर चेंबूरचे बुवा. वयाने बाबांपेक्षा बरेच तरुण, केसांना जेल, आणि ताज्या सिनेमांच्या चालींचा साठा. गेल्या वर्षी त्यांनी बाबांना ‘म्युझियम’ म्हटलं होतं. बाबांना ते फार लागलं होतं, आणि आई म्हणायची तसं, लागायचं कारण ते खरं होतं. या वर्षी बाबा हरले तर पुढच्या कार्यक्रमाची सुपारी त्यांना कोणी देणार नव्हतं, हे मंडळातला प्रत्येकजण जाणून होता. म्हणून बाबा बारीसाठी नवी चाल काढतायत अशी कुजबुज होती. कोणती ते कोणालाच माहीत नव्हतं. बारीची चाल आपल्या मंडळालाही आधी सांगायची नाही, नाहीतर ती चहाच्या टपरीवरून समोरच्या बुवाकडे पोचते, हा रिवाज. बुवाने ओळ म्हणायची, कोरसने उचलायची, पखवाजाने पकडायची. त्या चालीची तालीम नाही. मला मात्र चाल कोणती ते कळून चुकलं होतं. मी सम्यकला म्हटलं, ‘‘आज माझी ॲडमिशन झाली समज. सगळ्यांच्या समोर म्हणणारेत.’’

चेंबूरच्या बुवांची पहिली बारी जोरात झाली. मग बाबांनी पेटी ओढली, अभंग म्हटला, आणि गजराला, म्हणजे शेवटच्या नामघोषाला, हात घातला. ‘विठ्ठल विठ्ठल’ तिसऱ्या मनोऱ्याच्या चालीवर. सुरुवातीला नुसती पेटी आणि त्यांचा आवाज. मग एका बोटाने इशारा, झांजा आल्या. मग कोरस. मग पखवाज. एकेक मजला, अगदी गेममध्ये होतं तसं. एक सूर वर, पुन्हा एक सूर वर. पार्किंगमधली माणसं बोलायची थांबली. वॉचमन उठून उभा राहिला. असं काही त्या मांडवात कोणी ऐकलं नव्हतं, आणि ही चाल कोणत्या सिनेमाची, हे एकमेकांना विचारूनही कोणाला सांगता येईना. माझं मडकं पार्किंगमध्ये चढत होतं.

आणखी एक सूर वर गेला तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाबांना शेवट माहीत नव्हता. स्पीकरवर चाल वाजत होती तोवर मी मनोऱ्यात अडकलेली होते. गच्चीवर पोचले ती इयरफोन लावून, त्यांच्याच हुकमामुळे. त्यांनी ऐकली ती फक्त चढण. त्यांना वाटलं असणार, शेवट काय, आपोआप सापडेल. पण ती चाल अशी बांधलीच होती की कुठे टेकायला जागा मिळू नये. नानूकाकांनी गजर मिटवायला तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर थांबायचं ते, टाकून बघितली, तोवर चाल वर निघून गेली होती. त्यांनी पुन्हा टाकली, पुन्हा हुकली. त्यांनी बाबांकडे असं पाहिलं की जणू पेटीला आग लागलीय. कोरसमधली साठीच्या पुढची माणसं लालबुंद झाली. बाबांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. गजर वर, वर, वर. चेंबूरचे बुवा आधी मान डोलावत होते, आता मांडीवर थाप मारून हसायला लागले. ‘‘वाट लागली,’’ सम्यक पुटपुटला.

खरं सांगू, थोडा वेळ मला मजा आली. इतके दिवस बाबांनी ज्याला टुणटुण म्हणून हिणवलं ते आता मानगुटीवर बसलं होतं आणि उतरत नव्हतं. फुटू दे आवाज, असं मनात आलं. मग बाबांनी पेटीवरून मान वर केली. देवाच्या फोटोकडे नाही, नानूकाकांकडे नाही, बायकांच्या खुर्च्यांकडे. मला शोधलं आणि भुवई उडवली. म्हणजे, सांग की.

सेक्रेटरींच्या भाषणाचा माइक आमच्या बाजूला होता. मी उठले, तो घेतला. मांडवात ‘अगो!’ असा आवाज उठला, कारण बारी चालू असताना बाईमाणसाने माइक धरलेला त्या मांडवाने पाहिला नव्हता. ती फेरी पूर्ण होऊ दिली आणि मग गच्चीवरचा शेवट म्हटला. मडकं पाणी ओततं तेव्हा तीन संथ हाका येतात, एकेक पायरी उतरत, आणि प्रत्येक हाकेला मागचं एक वाद्य गप्प होतं. विठ्ठल. झांजा थांबल्या. विठ्ठल. नानूकाकांचा हात थांबला. विठ्ठल. पेटीचा एकच सूर उरला आणि तोही बाबांनी अलगद सोडला. मग जो गोंधळ झाला त्यात सत्यनारायणाचं तबक पडलं.

चेंबूरचे बुवा कच्चे नव्हते. माइक ओढून म्हणाले, ‘‘बुवा, झकास चाल. मानलं. पण कोणाची?’’

सगळा मांडव वाट बघायला लागला. गेमची, एवढंच बाबांनी म्हणायचं होतं.

‘‘घरची चाल आहे, बुवा,’’ बाबा म्हणाले. ‘‘थेटरातून उचललेली नाय.’’

शिट्ट्या, टाळ्या. चेंबूरचे बुवा सोडेनात. ‘‘मग शेवट पोरीला कसा ठाऊक, नि तुम्हाला नाय?’’

‘‘घर म्हटलं म्हणजे कामं वाटून घ्यावी लागतात, बुवा. तुमच्याकडे सगळा एकटेच करतात वाटता!’’ मांडव हसून लोटपोट झाला. बारी बाबांनी मारली. त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं, आणि खरं एक अक्षर बोलले नव्हते. हल्ली तो गजर मोबाइलवर फिरतो. सावंतवाडीपासून विरारपर्यंत मंडळं म्हणतात, आणि खाली लिहिलेलं असतं, ‘पारंपरिक’. त्या थंड देशातल्या दोघांना मी एकदा पाठवला होता. त्यांनी विचारलं, हा विठ्ठल कोण, आणि त्याला एवढ्या हाका का माराव्या लागतात?

घरी आल्यावर आईने वरणभात आणि फणसाची भाजी वाढली. बाबा खुशीत होते, घसा बसलेला, कुजबुजून बोलत होते. मी ताटाला हात लावला नाही. म्हटलं, ‘‘शब्दाचं काय?’’

‘‘कसलो शब्द?’’

‘‘मंडळासमोर दिलेला.’’

त्यांनी भात कालवला. बुवा माणूस, उत्तर सापडल्याशिवाय राहतो का? ‘‘मी काय म्हटलेलंय? माणसाक म्हणूक येयत अशी चाल. माका खंय म्हणूक इली? संपताच नाय ती. सगळ्यांनी बघितल्यानी.’’ आणि स्वतःच्या हजरजबाबीपणावर खूश होऊन हसले.

मला रडू फुटलं. हरल्याचं नाही, त्यांनी इतक्या सहज हरवल्याचं. चाल घेतली, शेवट घेतला, बारी घेतली, आणि वर मलाच पैजेत पाडलं.

आई ओट्याशी उभी होती. भाजीचं पातेलं तिने खाली ठेवलं. आवाज न चढवता, माझ्याकडे बोट करून म्हणाली, ‘‘तुमका नाय इली. चेडवान म्हटल्यान मा? मगे ता काय माणूस न्हय?’’

डबलबारीत त्यांना कधी कोणी असं गप्प केलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, परत ताटाकडे पाहिलं. उत्तर शोधत होते, दिसत होतं. ते जेवण संपेपर्यंत सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात बूट चढवत बसले होते. कामावर रजा टाकलेली. मी समोर आले तर लेस बांधता बांधताच, बसक्या आवाजात म्हणाले, ‘‘चल, खंय ता कॉलेज ता दाखव. आणि थंयच्या मास्तरांका सांग, गाणा सुरू केल्यार संपवूक पण होया.’’

माझे बाबा आयुष्यात कोणाला याहून जास्त काही देऊन गेले नाहीत. मला ते पुरलं नाही. तेव्हाही नाही, आजही नाही. मी चपला घातल्या आणि निघाले.